शिलालेख वाचायचेत? आधी प्राकृत

प्रश्न : मुलगी कला शाखेतून बारावी झाली. नाशिकची पांडवलेणी पाहिल्यापासून ब्राह्मी गिरवत बसते. शिलालेखांवरून सातवाहनांचा इतिहास मांडायचाय म्हणते. इतिहासात बी.ए. करू द्यावं का? नोकरीचं काय? – एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, ब्राह्मीची अक्षरं रोज तासभर गिरवली की महिना-दीड महिन्यात बसतात. घोडं अडतं ते भाषेपाशी. म्हणून बी.ए.ला मुख्य विषय संस्कृत, पाली किंवा अर्धमागधी घ्या, इतिहास जोडीला ठेवा. सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत आणि त्यात द्वित्त लिहीत नाहीत; कोरलेलं असतं ‘पुत’, वाचायचं ‘पुत्त’. त्यात दगडाचा खड्डा अनुस्वार वाटतो. भाषा पक्की नसेल तर ही चूक कळतसुद्धा नाही.

तिला पांडवलेण्यांतल्या लेणं क्रमांक ३ मधल्या दोन राजाज्ञा वाचायला सांगा. सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या १८व्या राज्यवर्षात उसभदताकडचं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं. उसभदत म्हणजे सातवाहनांचा शत्रू क्षत्रप नहपान याचा जावई; म्हणजे तोवर क्षत्रपांच्या हातचा हा मुलूख गेलाच होता. २४व्या वर्षीची आज्ञा म्हणते, आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही, म्हणून दुसरीकडे १०० निवर्तनं घ्या. विजयाच्या प्रशस्तीत हे ओसाड गाव सापडायचं नाही!

पण १८ आणि २४ ही राज्यवर्षं, त्यावरून इसवी सन निघत नाही. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर नाणी मिळाली. नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. आधी नहपान, मग गौतमीपुत्र, हा क्रम पक्का झाला. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षं मात्र कोणत्या गणनेतली, यावर वाद आहे आणि त्यापायी अख्खा कालपट काही दशकं सरकतो.

ठसा घेणं हातानेच शिकावं लागतं. दगड ब्रशने धुवायचा, ओला कागद बसवून तो अक्षरांत शिरेपर्यंत ब्रशने ठोकायचा, अर्धवट सुकल्यावर शाई थोपटायची. घाई केली तर शाई पसरते आणि बारीक मात्रा बुजतात. संरक्षित लेण्यात परवानगीशिवाय हात लावायचा नाही, अक्षरांत खडू तर मुळीच भरायचा नाही.

बी.ए.नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. करता येईल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे, अरबी-फारसी लेखांची नागपूरला. जागा मोजक्याच आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही. म्हणून प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यायचीच. शिवाय मोडी शिकून घ्यावी. जुन्या जमिनीच्या कागदांमुळे मोडी वाचणाऱ्याला काम मिळतं.

प्रवेशाआधी २४व्या वर्षाच्या आज्ञेच्या दोन ओळी तिने छायाचित्रावरून, छापील वाचन न बघता उतरवाव्यात. मग ताडून बघा. चुका किती निघाल्या यापेक्षा त्या दुरुस्त करायला ती पुन्हा बसते का, ते बघा.