सपाट छप्पर, काचेची भिंत आणि ऐरोलीचा पाऊस

प्रश्न : ऐरोलीतलं आमचं जुनं रो-हाऊस पाडून नव्यानं बांधायचं ठरलंय. मुलगी अमेरिकेत इंडियानातल्या कोलंबस गावी नोकरीला आहे. तिथली १९५०-६०च्या काळातली घरं तिला फार आवडतात. सपाट छप्पर, जमिनीपासून छतापर्यंत काच, दिवाणखान्यात दोन पायऱ्या उतरून बसायची चौकोनी जागा. असं घर इथे टिकेल का? आणि तेवढ्याशा गावात अशा इमारती आल्या कुठून?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

सोसायट्यांच्या जनरेटरवर कमिन्स हे नाव तुम्ही वाचलं असेल. त्या डिझेल इंजिनांचं गाव म्हणजे हे कोलंबस. १९४२ मध्ये वास्तुविशारद इलिएल सारिनेन यांनी तिथे फर्स्ट ख्रिश्चन चर्च बांधलं. साधी विटांची भिंत, बाजूला सुटा मनोरा, नक्षीचं नाव नाही. त्यांचे चिरंजीव ईरो यांनी १९५४ मध्ये इर्विन युनियन बँक चक्क काचेच्या भिंतींची केली. गावाला खरं वळण दिलं ते कमिन्सचे प्रमुख जे. इर्विन मिलर यांनी. शाळा बांधायची असेल तर आमच्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. १९५७ची हॅरी वीज यांची शाळा त्यातली पहिली. पुढे अग्निशमन केंद्रंही अशीच झाली.

पैसा नकाशावर खर्च झाला, हे लक्षात ठेवा. या शैलीत नक्षी नाही, म्हणून झाकपाकही नाही. प्रत्येक सांधा उघडा असतो आणि तो कागदावर आधी सुटावा लागतो. कंत्राटदाराला मोबाइलवरचा फोटो दाखवून हे घर होत नाही.

आता छप्पर. कोलंबसला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वर्षभर थोडाथोडा. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि चार महिन्यांत. त्यामुळे गच्ची दिसायला सपाट असली तरी १०० सेंमीला किमान १ सेंमी उतार हवाच. स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर उतार देऊन ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर), कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई आणि थर कठड्यावर ३० सेंमी चढवलेला. पावसाच्या पाण्याचे पाइप किमान दोन ठेवा आणि कठड्यात एक जादा नळी काढा. पाइप पानांनी तुंबतातच. फरशी बसवण्याआधी गच्चीत पाणी ४८ तास साठवून खालून स्लॅब तपासा. बहुतेक गळती कोपऱ्यात किंवा पाइपाच्या तोंडाशी सापडते, मधे नाही. आणखी एक : काही वर्षांनी गळती लागली की जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवतात. असं कधीही करू देऊ नका. एका कोब्याचंच वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं.

काचेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : पश्चिमेला भिंतभर काच नको. साध्या काचेतून उन्हाची सुमारे ऐंशी टक्के उष्णता आत येते. चार वाजताचं ऊन तिरपं येतं, छज्जा ते अडवत नाही; तिथे उभ्या पट्ट्या किंवा खोल व्हरांडा लागतो. उत्तरेला मात्र मोठी काच खुशाल घ्या. ती टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर एकदा भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून चौकट बसल्यावरच माप द्या. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतली पाणी निघायची बारीक भोकं प्लास्टर करताना सिमेंटनं बुजतात. मग जुलैत पट्टी भरते, पाणी घरात येतं आणि दोष काचेला लागतो. मिस्त्री जाण्याआधी पट्टीत तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर पडलं पाहिजे.

उतरून बसायची जागा कोलंबसच्या मिलर हाऊसमधून (१९५७) गाजली. ऐरोलीत तळमजल्यावर ती करू नका. खाडीलगतच्या भागात जमिनीखालचं पाणी पावसाळ्यात वर येतं आणि खोलगट जागेला आधी ओल धरते. इलिनॉयमधलं वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांचं काचेचं फार्न्सवर्थ हाऊस (१९५१) नदीकाठी म्हणून जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललं होतं, तरी १९९६ मध्ये पुराचं पाणी आत शिरलंच. जोतं उंच घ्या आणि बसायची जागा खाली नेण्याऐवजी भोवती ४५ सेंमी उंचीचे कट्टे बांधा. बैठक तशीच जमते.

प्रश्न : वास्तुविशारद चार्ल्स कोरिया अमेरिकेच्या त्याच भागात शिकले ना? मग त्यांची बेलापूरची वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, कोलंबससारखी का दिसत नाही?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : हो, १९४९ ते ५३ ते इंडियानाच्या शेजारच्या मिशिगन विद्यापीठात होते, नंतर बोस्टनजवळच्या एमआयटीत. पण बेलापूरची घरं (१९८३-८६) उतरत्या छपरांची आहेत, पावसाला धरून. तिथे सात घरांच्या मधे ८ बाय ८ मीटरचा मोकळा चौक आणि अशा तीन गटांमध्ये १२ बाय १२चा. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता खोली वाढवता येते. बरीच मूळ घरं आता बदलली आहेत, काही पाडून बांधली आहेत. ऐरोलीच्या वाचकांनीही मुलगी सुट्टीत आली की तिला घेऊन जावं आणि एखाद्या चौकात टेप लावून बघावं.