वाचक विचारतात : अंगठा लावला अन् पैसे दोनदा गेले

प्रश्न : बाबांची बँक तालुक्याला, म्हणून गावातल्या केंद्रावरच अंगठा लावून पैसे काढतो. मागच्या महिन्यात 2,000 मागितले. 'सर्व्हर डाऊन हाय' म्हणून तीनदा अंगठा लावायला लावला. पासबुक भरून पाहतो तं 2,000 दोनदा कटले. केंद्रवाला म्हणते, फेल झाले, येतीन वापस. ओटीपी तं एकही आला नाही. आता काय करावं? — एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर : ओटीपी येणारच नव्हता. या व्यवहाराला (एईपीएस) बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही.

तीनदा बोट मागितलं म्हणजे लबाडीच, असं मात्र नाही. कापूस वेचून, डवरणी-निंदण करून बोटांच्या रेघा झिजतात, कोरड्या पडतात आणि मशीन त्या ओळखत नाही. हात धुऊन पुसावे, बोट अगदीच कोरडं असेल तर किंचित ओलसर करावं. अंगठाच हवा असंही नाही, आधारला नोंदवलेल्या दहांपैकी कुठलंही बोट चालतं. पण दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगा. पहिला व्यवहार 'फेल' असा दिसला पाहिजे, आणि नव्यात 'बॅलन्स' आहे की 'विथड्रॉल', किती रकमेचा, हे वाचता आलं पाहिजे. स्क्रीन दाखवायला का-कू करणाऱ्याकडे बोट ठेवूच नका.

आता गेलेल्या पैशांचं. व्यवहार खरंच अडकला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार रक्कम 5 दिवसांत खात्यात परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई मिळते. तुमचा महिना उलटला, म्हणजे 'येतीन वापस'वर आता विसंबू नका. दोन्ही नोंदींचे 12 आकडी आरआरएन क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) घेऊन शाखेत जा आणि एवढंच विचारा: दुसरा व्यवहार यशस्वी दिसतो की फसलेला? यशस्वी दिसत असेल, तर नोटा केंद्रवाल्याच्या गल्ल्यातच राहिल्या. लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर नोंद करा. पुढल्या वेळी असं दिसलं तर त्याच दिवशी फोन लावा, कारण पैसा पुढे सरकण्याआधी अडवता येतो.

त्याच फेरीत बाबांच्या खात्याला कुठला मोबाईल जोडलाय तेही पाहा. आधारला जोडलेला नंबर वेगळा, बँकेतला वेगळा. बँकेत जुना, बंद पडलेला नंबर असेल तर पैसे कटल्याचा मेसेज येणार कुठून?

पुढचा बंदोबस्त म्हणजे बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटाच्या ठशालाच कुलूप. 'माय आधार' संकेतस्थळावर आधारच्या मोबाईलवरील ओटीपीनं लॉगिन करून ते लावता येतं. लावल्यावर बोट टेकवलं की मशीन 330 ही एरर दाखवते. पैसे हवे असतील तेव्हा तात्पुरतं उघडा, ते फक्त 10 मिनिटं उघडं राहतं. म्हणून घरून उघडून निघू नका, नंबर लागला की उघडा. लॉक असलं की राशनच्या दुकानातही बोट चालत नाही, दरवेळी उघडावं लागतं. त्यापेक्षा बाबांचं बोट बंदच ठेवा आणि राशनसाठी कार्डावरच्या दुसऱ्या कोणाचा अंगठा द्या. खात्यात येणारं अनुदान लॉकमुळे अडत नाही. फक्त 'आधार क्रमांक लॉक' हा पर्याय वेगळा आहे, चुकून तो लावू नका. बोट कधी-कुठे वापरलं गेलं याचा 6 महिन्यांचा हिशेबही त्याच संकेतस्थळावर मिळतो.

प्रश्न : गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरपंचाच्या नंबरवरून 'पीएम किसान यादी' अशी फाईल आली. पोट्ट्यानं उघडून इन्स्टॉल केली. आता माह्या नंबरवरून तीच फाईल साऱ्यांना चालली. — एक वाचक, मोर्शी तालुका

उत्तर : सरपंचांचाही फोन तसाच फसलेला असणार. नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाईल म्हणजे यादी नव्हे, अॅप असतं. मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सिम काढा. त्या फोनवरून यूपीआय, बँक काहीच उघडू नका. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय व नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर 1930. मग सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अॅडमिन' आणि 'अॅक्सेसिबिलिटी' या दोन्ही ठिकाणी त्या अॅपचा हक्क काढा. तो काढल्याशिवाय 'अनइन्स्टॉल'चं बटण कित्येकदा दबतच नाही. अॅपचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नसेल तर 'सर्व अॅप्स'च्या यादीत शोधा. तरी हटत नसेल तर फोटो दुसरीकडे उतरवून फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. आमच्या मते, बँकेचं काम चालणाऱ्या फोनवर रिसेटच बरा.

सिम परत घातल्यावर ##002# डायल करा, म्हणजे कुणी कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते रद्द होतात. व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून अनोळखी जोडण्या काढा, 6 आकडी पिन लावा. आणि ग्रुपवर आवाजी मेसेज टाका, लेखी नको. तुमच्याच नंबरवरून आलेल्या लेखी मेसेजवर आज कोण भरवसा ठेवील?

प्रश्न : मे महिन्यात वावरात फोन तापून चार्जिंगच घेत नाही. बॅटरी गेली का? — वाचक, वरोरा तालुका

उत्तर : बहुधा नाही. बऱ्याच कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेतच फोन वापरा म्हणतात, आणि आपल्याकडे सावलीतच 45 असतात. बॅटरी वाचवायला फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. कव्हर काढा, सावलीत हवेशीर ठेवा, टिनाखाली चार्जिंगला लावू नका, ते रात्री करा. फ्रीजमध्ये किंवा माठाला टेकवून गार करू नका, आत दव धरतं. मागचं झाकण फुगून वर आलं असेल तर मात्र बॅटरी गेली समजा. ती दाबू-टोचू नका, चार्जरही लावू नका, सरळ बदलून घ्या.