'व्रात्य' कुणाला म्हणता, काका?

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा. त्याची मुंज झालेली नाही, तोच नको म्हणाला. सोसायटीच्या सत्यनारायणाला एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "ही पिढीच व्रात्य. व्रत नाही, वैकल्य नाही, म्हणून तर व्रात्य." हा शब्द खरंच व्रतावरून आला आहे का? आणि धर्म न पाळणाऱ्याला तो लावणं बरोबर आहे का? (कोथरूडहून एक वाचक)

उत्तर : काकांचं व्याकरण कच्चं आहे. 'व्रत नाही तो व्रात्य' ही व्युत्पत्ती मी मंगल कार्यालयातल्या पंगतींपासून व्हॉट्सअॅपच्या सुप्रभातांपर्यंत इतक्या वेळा ऐकली आहे, की आता कान किटले. 'व्रात्य' हा 'व्रत'पासून आला असं घटकाभर धरलं, तरी अर्थ 'व्रताशी संबंध असलेला' असाच निघेल. त्यातला 'नाही' कुठून आणला? व्रत न पाळणाऱ्याला ऋग्वेदात 'अव्रत' असा रोखठोक शब्द आहे.

खोडकर पोर हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, व्रात्य विनोद कसे असतात तेही. ते सोडून देऊ.

काकांच्या मनात मनुस्मृती असावी. तिचा हिशेब असा : ब्राह्मणाची मुंज 16 वर्षांपर्यंत, क्षत्रियाची 22, वैश्याची 24. ती मुदत टळली की व्रात्य. म्हणजे तुमचे चिरंजीव व्रात्य ठरतात खरे. पण लग्नाच्या आदल्या दिवशी मुंज उरकून घेणारे सगळे नवरदेवही ठरतात, आणि मुलींचा तर या हिशेबात पत्ताच नाही. 1674 साली राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांना प्रायश्चित्त घेऊन मुंज करून घ्यावी लागली, तेव्हा ते 44 वर्षांचे होते. काकांनी हे आठवून मग बोलावं.

बरं, स्मृतिकारांचं आपापसात तरी जुळतं का? बौधायन म्हणतो, वर्णसंकरातून जन्मलेले ते व्रात्य. मनूचं भलतंच, याचं भलतंच. माझ्या मते, यांच्या हाती शब्द आला तोवर त्याचा मूळ अर्थ विरला होता, मग ज्याला जे नकोसं वाटलं त्याच्यावर त्यानं हे लेबल चिकटवलं.

खरी गंमत 'व्रात' या शब्दात आहे. व्रात म्हणजे जमाव, टोळकं. व्याकरणकार पाणिनीच्या 'व्रातेन जीवति' (व्रातावर जगतो) या सूत्रावर भाष्य करताना पतंजलीनं व्रात कोण ते सांगून ठेवलं आहे : 'नानाजातीया अनियतवृत्तय उत्सेधजीविनः संघाः'. निरनिराळ्या जातींचे, पोटापाण्याचा ठरलेला धंदा नसलेले, अंगमेहनतीवर जगणारे संघ. तांड्य ब्राह्मण या सामवेदाच्या जुन्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात व्रात्यांच्या म्होरक्याचा पेहरावही आहे : डोक्याला पागोटं, हातात जनावरं हाकायची पराणी, काळ्या काठांचं वस्त्र, गळ्यात चांदीचा दागिना. बाकीच्यांचा वेश वेगळा, पण आपापसात साधारण सारखा.

आता जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी मुठेच्या नदीपात्रात जा. ढोल-ताशा पथकांचा सराव चाललेला असतो. नाना जातींची पोरं-पोरी, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी दुकानात, कुणी नोकरीच्या शोधात. मिरवणुकीत सगळ्यांना एकच कुर्ता, एकच फेटा. व्रात म्हणजे दुसरं काय असतं? त्याच तांड्य ब्राह्मणात व्रात्यांवर आरोप आहे की 'अदण्ड्यं दण्डेन घ्नन्तश्चरन्ति', ज्याला मारायचं कारण नाही त्याला दांड्यानं मारत फिरतात. टिपरू घेऊन ढोलावर तुटून पडलेलं पोरगं पाहिलं की मला हेच वाक्य आठवतं. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक या तुलनेवर चिडतात, 'पोरकट' म्हणतात. त्यांच्या मते तो आरोप हिंसेचा आहे. असेल. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्याच्या कानांना विचारा.

तांड्य ब्राह्मणातलंच आणखी एक वाक्य काकांना चिठ्ठीवर लिहून द्या : 'अदीक्षिता दीक्षितवाचं वदन्ति'. दीक्षा नाही, तरी दीक्षितांची वाणी बोलतात. तुमच्या मुलाला मुंज नको होती, पण अथर्वशीर्ष येतं का? येत असेल, तर मोबाइलवर ऐकून पाठ झालेलं असणार. या पिढीतल्या कितीतरी जणांचं असंच आहे : भटजींच्या यादीशी देणंघेणं नाही, पण वारीत आळंदी ते पुणे एक टप्पा चालून येतात आणि पायाच्या फोडांचे फोटो टाकतात. याला धर्मापासून तुटणं म्हणायचं असेल तर म्हणा, पण 'व्रात्य' म्हणाल तर ती शिवी राहत नाही.

शिवी म्हणूनही तिची परंपरा मजेशीर आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात अर्जुन कौरवांकडून लढणाऱ्या भूरिश्रव्याचा हात तोडतो, तेही कृष्णाच्या सांगण्यावरून. तेव्हा भूरिश्रवा चिडून विचारतो, हे वृष्णी आणि अंधक तर व्रात्य, यांचं तू कसं ऐकलंस? म्हणजे व्रात्यांच्या यादीत खुद्द श्रीकृष्णाचं कूळ. आणि मराठी अर्थानं पाहिलं, तर गोकुळातल्या त्या पोराइतकं व्रात्य दुसरं कोण होतं?

हं, तुमचा प्रश्न. व्रतावरून नाही, बहुधा व्रातावरून. लावणं बरोबर आहे का? मनूला विचाराल तर हो, अथर्ववेदाला विचाराल तर तो तुमच्या मुलाला पाट मांडेल. त्याचं अख्खं पंधरावं कांड व्रात्याच्या स्तुतीचं आहे. त्यात व्रात्य दारी आला तर यजमानानं काय करावं ते सांगितलंय : स्वतः उठून पुढं व्हावं आणि विचारावं, 'व्रात्य क्वावात्सीः? व्रात्योदकम्'. व्रात्या, कुठे राहिला होतास? हे घे पाणी.

सराव संपवून रात्री साडेदहाला घामेजलेला मुलगा घरी येतो, तेव्हा तुम्ही दारात हेच म्हणत असाल.