काउंटरच नसेल तर माणूस जास्त खरेदी करतो का?

कॅशियर नाही, रांग नाही, वस्तू उचला आणि निघा, अशा दुकानात लोकांचं वागणं बदलतं का? बदलतं, आणि सगळ्यात आधी बदलतो तो मनातला हिशोब. एरवी रांगेत उभं असताना आपण बास्केटमध्ये डोकावून "हे राहू दे" म्हणत एखादी वस्तू बाजूला काढतो ना, तो क्षणच इथे येत नाही, छतावरचे कॅमेरे आणि शेल्फमधले वजनाचे सेन्सर बघतात काय उचललं, परत ठेवलं तर यादीतून जातं, आणि बिल येतं बाहेर पडल्यावर मोबाईलवर. पैसे जाताना जी बारीक कळ येते ती उशिरा येते, मग हात सैल सुटणारच. एक पाण्याची बाटली घ्यायलाही माणूस सहज आत शिरतो. काउंटरजवळची चॉकलेटं मात्र बिचारी उपाशी, कारण तिथे ताटकळत कोणी उभंच नसतं.

पण मोठ्या खरेदीत गणित उलटं होतं. अमेझॉनने असं पहिलं दुकान २०१८ मध्ये सिएटलला सगळ्यांसाठी उघडलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या 'अमेझॉन फ्रेश' या किराणा दुकानांतून हीच सिस्टीम काढायचं ठरवून स्मार्ट ट्रॉली पुढे केली, जिच्या स्क्रीनवर चालू बिल दिसतं. महिन्याचं सामान भरताना आकडा डोळ्यासमोर लागतोच, मला तरी हे पटतं.

बाकी पहिल्यांदा जाणारा गेटपाशी हमखास थबकतो, मागे वळून बघतो, चोरी करून निघाल्यासारखा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सरळ चालू पडतो, बिलही उघडून बघत नाही.