तीन सोड, एक धर

चिरंजीवास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार महिन्यांत तू इथे अमेरिकेत आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गेलास, गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या फूड पँट्रीत नाव दिलंस, रविवारी मेणबत्ती धरून पुढे चालतोस, वाचन करणाऱ्यांच्या यादीतही आहेस. आणि विचारतोस, पाचवं काय घेऊ. माझं ऐकशील तर तीन तरी सोड. हातात एकच धर, आणि ते शक्यतो मागच्या खोलीतलं धर, नवं असलं तरी चालेल.

आधी कागदाचं काम उरकून टाक. सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, तुझं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) झालंय, ते इथे चालतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय झाली, तेव्हा आपली अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, मंडळी तीत सामील झाली. इथलं आपलं एपिस्कोपल चर्च म्हणजे त्याच घराण्याची अमेरिकेतली शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यायची कशी, या अडचणीतून ती वेगळी निघाली आणि 1789 मध्ये तिने आपलं प्रार्थनापुस्तक केलं. त्यामुळे पुन्हा बाप्तिस्मा वगैरे काही नाही. पुण्याच्या पाळकांकडून बदलीचं पत्र मागव आणि इथल्या ऑफिसात दे. पत्र येईपर्यंत तू प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेऊ शकतोस, पण वार्षिक सभेत मत देता येईलच असं नाही. आणि मत द्यायला तू हवास.

इथला एक शब्द मलाही सुरुवातीला नडला. पुण्यात व्हेस्ट्री म्हणजे पाद्रीसाहेब झगा चढवतात ती खोली. इथे व्हेस्ट्री म्हणजे निवडून आलेलं कारभारी मंडळ. नाव त्या खोलीवरूनच पडलंय, कारण इंग्लंडात गावची कर्ती माणसं तिथेच बसून हिशेब करायची. आपल्याकडे बिशप पाळकाची बदली करतात आणि आपण हार घालून स्वागत करतो. इथे रेक्टर, म्हणजे मंडळीचा मुख्य पाळक, शोधायचा व्हेस्ट्रीने, बिशपांचा सल्ला घेऊन. पगारही मंडळीनेच द्यायचा. म्हणून शरद ऋतूत हातात कार्ड पडतं, पुढच्या वर्षी किती देणार ते लिहा. मला पहिल्या वर्षी ते कार्ड अपमानासारखं वाटलं होतं. आपली सवय थैलीत घडी केलेली नोट टाकायची, कुणाला आकडा दिसू नये अशी. पण कार्डांची बेरीज झाल्याशिवाय छताची दुरुस्ती धरायची की ऑर्गनवाल्याचा पगार, हे ठरवणार कसं? तुझ्या स्टायपेंडमधून महिना दहा डॉलर निघत असतील तर दहाच लिही, पण लिही. मग जानेवारीच्या सभेत तो छापील हिशेब मिळेल तो नीट वाच. बर्फ काढायला किती गेले आणि गरिबांना किती, हे एका पानावर शेजारीशेजारी दिसतं. मंडळी कशी आहे हे मला नेहमी प्रवचनापेक्षा त्या पानावरून जास्त कळलंय.

आता मागच्या खोलीचं सांगते.

इथे येऊन मला दोन महिने झाले होते. उपासनेनंतर मदत करावी म्हणून मी प्रभुभोजनाचा प्याला उचलला आणि हॉलच्या किचनमधल्या सिंकमध्ये विसळायला लागले. एक सत्तरीच्या बाई आल्या, काही न बोलता माझ्या हातातून प्याला घेतला आणि मला वेदीमागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे कोपऱ्यात झाकण असलेलं एक छोटं सिंक होतं. झाकण उघडून म्हणाल्या, याचा पाइप गटाराला जोडलेला नाही, सरळ जमिनीत उतरतो. अर्पण केलेला द्राक्षारस नाल्यात जाऊ नये म्हणून पहिलं पाणी इथे ओतायचं. मी लाजेने अर्धी झाले. मला एकदम आजी आठवली. देवाचं निर्माल्य उकिरड्यावर टाकायचं नाही म्हणून आमच्या शेजारच्या जोशीकाकू ते तुळशीत टाकायच्या, आणि आजी त्यांना कौतुकाने बघायची.

त्या बाईंनी मला पुढे वर्षभर शिकवलं. प्याला पुसायचा रुमाल ओलसर असतानाच इस्त्री करायचा आणि आडवा तीन भागांत, मग उभा तीन भागांत दुमडायचा, म्हणजे उघडल्यावर नऊ चौकोन दिसतात. भाकर ठेवायचं चौकोनी वस्त्र आतल्या बाजूने मिटायचं, कण सांडू नयेत म्हणून. वेदीवरचं लांब वस्त्र मात्र घडी घालायचं नाही, नळीवर गुंडाळायचं, नाहीतर रविवारी मधोमध चुणी दिसते. लिपस्टिकचे डाग, मेणाचे डाग, प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. या गटाला ऑल्टर गिल्ड म्हणतात. सगळ्या बायकाच असतात असं तुला वाटेल, तर संकोच करू नकोस. आमच्यात एक निवृत्त ट्रकड्रायव्हर आहेत, त्यांच्यासारखी घडी कुणाला जमत नाही.

हे काम का सुचवते? पुढे उभं राहून वाचन केलं की चार लोक छान म्हणतात. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये रुमाल मोजताना कुणी काही म्हणत नाही. तिथे तुला कळेल की उद्या कुणाची श्रद्धांजलीची फुलं आहेत, कुणाच्या घरी प्रभुभोजन न्यायचंय, कोण तीन आठवडे आलेलं नाही. मंडळीच्या बातम्या त्या खोलीत आधी पोचतात. थोडी कुजबुजही असते, ती ऐक आणि तिथेच ठेव.

इथे ‘मिनिस्ट्री’, म्हणजे धर्मसेवा, हा शब्द कॉफी करणाऱ्यालाही लावतात याचं तुला हसू आलं, असं लिहिलंस. मलाही यायचं. पण 1979 च्या प्रार्थनापुस्तकातली प्रश्नोत्तरं उघड. चर्चचे सेवक कोण, या प्रश्नाच्या उत्तरात सामान्य माणसं पहिली येतात, मग बिशप, पाळक आणि डीकन, म्हणजे दीक्षा घेतलेले सहायक. हा क्रम कुणी चुकून लावलेला नाही. बाकी तुझ्या आईला रेक्टर बाई आहेत हे अजून सांगितलं नाहीस ना? सांग. 29 जुलै 1974 ला फिलाडेल्फियात अकरा बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली तेव्हा ती नियमाबाहेरची मानली गेली, केवढा गदारोळ झाला, आणि दोन वर्षांत नियमच बदलला. आई दोन दिवस गप्प बसेल, मग विचारेल त्या जेवायला काय करतात.

पँट्री सोडू नकोस असं मनातून म्हणत असशील. बरं, एक म्हणून तीच ठेवायची असेल तर ठेव, पण आधी एकदा मॅनहॅटनमध्ये नाइन्थ अॅव्हेन्यूवर होली अपॉसल्स चर्च बघून ये. तिथलं अन्नछत्र 1982 पासून चालू आहे. 1990 मध्ये चर्चला आग लागली. पुन्हा बांधलं तेव्हा त्यांनी बाकं परत बसवलीच नाहीत. हलवता येतील अशा खुर्च्या आणल्या आणि जिथे रविवारी उपासना, तिथेच आठवड्यात जेवणाची टेबलं मांडली. मी गेले तेव्हा रंगीत काचांच्या खाली ट्रे घेऊन बसलेली माणसं पाहिली आणि मला आमची ती छान पॉलिश केलेली बाकं आठवली, ज्यांवर कोट ठेवला तरी लोक कुरकुरतात. येणाऱ्याला तिथे पाहुणा म्हणतात. तूही तसंच म्हण. का आलात, काम का नाही, हे विचारायचं नाही. पिशवी भरून हातात द्यायची नाही, फळीवरून त्यांना निवडू दे. आमच्याकडे भोपळ्याच्या गराचे डबे नोव्हेंबरपर्यंत कुणी उचलत नाही, तरी देणारे ते आणतच राहतात. ज्याच्या घरी जे नको ते गरिबाला चालेल, हा समज सगळीकडे सारखाच.

आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेण्याचं काम लगेच मागू नकोस. त्याला बिशपांची परवानगी लागते, प्रशिक्षण लागतं, आणि मुलं व वृद्धांच्या सुरक्षिततेचा कोर्स तर सगळ्यांनाच करावा लागतो. त्यावर चिडू नकोस, तो ज्या कारणांनी आला ती खरी आहेत. मी जाते एका आजींकडे. नव्वदी उलटलीय. वेदीवरून निघाल्यावर मी वाटेत कुठे थांबत नाही, दुकानातही नाही, सरळ त्यांच्याकडे. प्रार्थना झाली, भाकर घेतली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: माझ्या जागेवर आज कोण बसलं होतं? कुणी नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. म्हणून हल्ली मी नवं कुणी आलं की त्यांना तिथेच बसवते. तू पहिल्या रविवारी डावीकडे तिसऱ्या बाकावर बसला होतास ना? त्यांना तुझं गाव, शिक्षण, सगळं पाठ आहे.

आणि कॉफीच्या वेळी पळू नकोस. तू उपासना संपली की मागच्या दाराने सटकतोस, मी पाहिलंय. मी वाढले पुण्यातल्या पंचहौदच्या चर्चच्या सावलीत. 1890 साली तिथल्या मिशनमध्ये टिळक, रानडे अशा मोठ्या मंडळींपुढे चहा आला आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे ख्रिस्त्यांकडचं प्यायले म्हणून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका कपाने एवढं होऊ शकतं हे ज्या गावाला ठाऊक आहे, तिथल्या मुलाने हॉलमधल्या पाणचट कॉफीला कमी लेखू नये. पेपर कप हातात धर आणि ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याच्याजवळ जाऊन उभा राहा. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, त्यांचंही अडखळतं.

आणखी एक विचारलं होतंस, की उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या अंगीकारातली काही वाक्यं मनापासून म्हणवत नाहीत, मग तोंड मिटून उभं राहू का. अरे, पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून असा वाद घातला की वाचून घाम फुटतो. आज एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. म्हणवेल तेवढं म्हण. उरलेलं शेजारचे म्हणतात.

शनिवारी चार वाजता ये, इस्त्री मीच तापवून ठेवते. हात धुऊन ये आणि अंगठी असेल तर काढून ठेव, कापडाला अडकते. येताना इंडियन दुकानातून नानकटाईचे दोन डबे आण, या रविवारी कॉफीची पाळी माझी आहे.

तुझी,
मावशी