‘पुष्ट्यर्थ’ आणि ‘पुरावा’ यांत फरक काय?

सरकारी अर्जाच्या शेवटी ‘पुष्ट्यर्थ कागदपत्रे जोडावीत’ असे छापलेले असते, त्यातील ‘पुष्ट्यर्थ’ म्हणजे नेमके काय आणि तिथे नुसते ‘पुरावा’ का लिहीत नाहीत, असे आपण विचारले आहे. जळगाव जिल्ह्यात अर्ज लिहून देण्याच्या कामात हा शब्द रोज हाताखालून जात असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

‘पुष्टी’ आणि ‘अर्थ’ यांचा संधी होऊन हा शब्द झाला आहे. पुष्टी मिळावी म्हणून, बळकटी यावी म्हणून, असा त्याचा अर्थ. म्हणजे आधी कोणते तरी म्हणणे मांडलेले असावे लागते. म्हणूनच तो बहुधा ‘दाव्याच्या पुष्ट्यर्थ’, ‘नुकसानीच्या पुष्ट्यर्थ’ असा षष्ठीला धरून येतो. पुरावा एकटा असू शकतो, पुष्टी एकटी नसते.

याचे चांगले उदाहरण १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ३४ मध्ये सापडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम २८ म्हणून आले आहे. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी न्यायालय विचारात घेते, पण केवळ त्यांच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही, असे ते कलम सांगते. समजा, चोपड्याच्या एखाद्या कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत एका शेतकऱ्याच्या नावावर खताच्या गोण्यांचे पैसे लिहिलेले आहेत आणि शेतकरी ती उधारीच नाकारतो आहे. वही दुकानदाराची, अक्षर त्याच्याच दिवाणजीचे. अशा वेळी शेतकऱ्याची सही असलेले बिल किंवा गोण्या शेतावर उतरवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची साक्ष नोंदीच्या पुष्ट्यर्थ कामी येते. त्याच वहीची झेरॉक्स आणि त्याच वहीवरून काढलेला खातेउतारा जोडून कागद वाढतात, पुष्टी वाढत नाही. माफीच्या साक्षीदाराच्या जबाबाला न्यायालये सहसा दुसरीकडून, स्वतंत्रपणे आलेला आधार मागतात, तेही याच कारणाने. मात्र एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदार अमुक इतकेच हवेत, अशी अट कायद्यात नाही.

अर्जांतही हेच पाहावे. रावेरकडे वादळाने केळीची बाग आडवी झाली की लोक आडव्या झाडांचे भरपूर फोटो जोडतात; परंतु ती झाडे कोणत्या गटातली, हे नुसता फोटो सांगत नाही. पीक नोंदवलेला सातबारा आणि गट क्रमांकासह झालेला पंचनामा सोबत असला, की तोच फोटो बोलू लागतो.

वर्तमानपत्रांतला ‘दुजोरा’ याच कुळातला, पण दुजोरा बहुधा माणूस देतो आणि पुष्टी कागदानेही मिळते. सभेतले ‘अनुमोदन’ मात्र वेगळे, कारण तिथे फक्त सहमती असते. खरेखोटेपणाचा प्रश्नच नसतो.

लिहिताना एवढे सांभाळावे की हा शब्द ‘पृष्ठ्यर्थ’ नव्हे. पानाच्या ‘पृष्ठा’शी त्याचा काही संबंध नाही, तरी ही चूक टंकलिखित अर्जांत सर्रास दिसते.