सोनोग्राफीत अस्तर 15 मिमी आलं म्हणजे गर्भाशय काढावंच लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 42, पाळी बारा-पंधरा दिवस चालते, रिपोर्टवर 'एंडोमेट्रियम 15 मिमी' आलं आणि डॉक्टरांनी थेट ऑपरेशनची तारीख दिली. कॅन्सर असेल का, हेही विचारलंय. अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय ते कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या लिहिण्यात बायोप्सीचा शब्दही नाही, म्हणून मी म्हणेन, तारीख आधी पुढे ढकला.

15 मिमी हे काही आजाराचं नाव नव्हे. पाळी संपल्या-संपल्या अस्तर तीन-चार मिमी असतं, पुढची पाळी यायच्या आधी तेच पंधरा-सोळापर्यंत जातं आणि तेही नॉर्मल असतं.

आता माझं ऐका. मी नागपूरची, इतवारीत धान्याच्या अडतीवर हिशेब लिहिते. 44 व्या वर्षी माझी पाळी अशी बिघडली की दोन महिने यायचीच नाही आणि आली की वीस दिवस थांबायची नाही. गाठी पडायच्या. ऑफिसात खुर्चीवर बारदान्याची चौपदरी घडी अंथरून बसायची, शेटजींना सांगितलं होतं कंबर दुखते. दुपारी उठायच्या आधी मागे हात फिरवून बघायचा, मग ओढणी सरळ करायची, मग उठायचं. वर्षभर हे केलं. मूर्खपणा होता. हिमोग्लोबिन 7.4 वर आलं तेव्हा जिना चढताना छाती धडधडायची आणि मला वाटायचं उन्हाचं असेल, मे महिना आहे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना मी नेमकी बाहेरची. सगळा स्वयंपाक जावेवर पडला. मोठ्या नणंदबाई काटोलहून आल्या होत्या. त्यांनी पंगतीच्या वेळी, सगळ्यांसमोर, म्हटलं, "पोरं झाले ना तुले, मंग ते रिकामं पोतं काऊन ठेवा लागते? काढून टाक, मोकळी हो." त्यांची स्वतःची छत्तिसाव्या वर्षी काढली, अंडाशयांसकट. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, हाडं दुखतात, पण ते त्या पिशवीच्या खात्यात धरत नाहीत. मी तेव्हा काही बोलले नाही. मनात मात्र आलं की आमच्या अडतीवर रिकाम्या पोत्याचंही खातं असतं, बारदाना मोजून परत घेतात, कोणी फेकत नाही.

पुढच्याच आठवड्यात ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनीही तेच सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत. सोनोग्राफीत अस्तर 16 मिमी. त्यांनी लेटरपॅडच्या मागे ऑपरेशनचा खर्च लिहून दिला. बायोप्सी करू का, असं मी विचारलं तर म्हणाले, पिशवी काढल्यावर तपासूच की! हे म्हणजे माल विकल्यावर वजन करण्यासारखं झालं.

धंतोलीत दुसऱ्या मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली (चव्वेचाळिसाव्या वर्षी! मला हसू आलं, पण ती करतातच), थायरॉइड पाहिला, मग ओपीडीतच बारीक नळी घालून अस्तराचा तुकडा घेतला. अर्धा मिनिट पोटात जोरदार मुरडा आला, खोटं कशाला सांगू. चाळिशीनंतर असं अंगावरून जात असेल तर गोळ्या देण्याआधी हा तुकडा बघायलाच हवा, असं त्या म्हणाल्या.

आणि मग नर्सने ती बाटली आमच्याच हातात दिली, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. बोटभर प्लास्टिकची बाटली, आत फॉर्मेलिन, तळाशी भिजलेल्या टिश्यू पेपरसारखे लालसर कण, वर चिकटपट्टीवर माझं नाव. यांनी ती पिशवीत घालून स्कूटरच्या हुकला लटकवली. मी काढून मुठीत धरली. सिग्नलवर शेजारी एक जण संत्र्यांची जाळी घेऊन उभा होता आणि मी मुठीत माझंच अस्तर धरून बसले होते. मॅडम आठवडा म्हणाल्या होत्या, रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले.

'हायपरप्लेजिया, विदाउट एटिपिया.' म्हणजे अस्तर जास्त वाढलंय, पण त्यातल्या पेशी बिघडलेल्या नाहीत; एटिपिया म्हणजे तो पेशींचा बिघाड. मॅडमनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. इस्ट्रोजेन अस्तर जमा करत जातं. अंडं बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, आणि त्याचा जोर ओसरला की अस्तर झडतं, म्हणजे नावे पडतं. चाळिशीनंतर कित्येक महिने अंडंच सुटत नाही. मग खातं नुसतं जमा होत राहतं आणि कुठून कुठून गळायला लागतं. वजन जास्त असलं तर चरबीही इस्ट्रोजेन बनवते. माझं होतं. एटिपिया नसलेल्या प्रकारात वीस वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात पाचहून कमी, आणि बहुतेकींचं अस्तर प्रोजेस्टेरॉनने परत ताळ्यावर येतं.

मला गर्भाशयात हार्मोनवाली टी (कॉपर-टीसारखीच, पण प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडणारी) बसवली, लिव्होनॉरजेस्ट्रेलची, 52 मिलिग्रॅमची. लोहाची सलाईन लागली. पहिले चार महिने रोज थोडं थोडं डाग पडायचं, वैताग आला होता, नणंदबाईंचा फोन आला की मी उचलत नव्हते. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासला, साफ. आता पाळी जवळपास येतच नाही.

गरज नसताना पिशव्या काढणं ही काही माझ्या एकटीची तक्रार नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आपण सगळ्यांनी वाचलं. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. नणंदबाईंना ही बातमी मी फोनवर पाठवली होती. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

आता, मी एकतर्फी बोलले हे मला कळतं. रिपोर्टमध्ये एटिपिया असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॅन्सरचा धोका खरा असतो, आधीच लपलेलाही असू शकतो, आणि पिशवी काढणंच बहुधा योग्य. मोठ्या फायब्रॉइडचंही, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीचंही, वेगळं. पाळी कायमची गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी थांबू नका, तिथे 4 मिमीच्या वर अस्तर असेल तरी तपासतात. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर हे वाचत बसू नका, दवाखाना गाठा. पैशाची अडचण असेल तर आमच्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत स्त्रीरोगाची ओपीडी आहे. रांग लागते, पण काम होतं.

आणि सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली, ते तुम्ही लिहिलंच नाही. रिपोर्टवर तारीख असेल, कॅलेंडरशी जुळवून बघा आणि इथे लिहा.